खोली बघून येतो

३ जानेवारी
पेट्रोल पंपामागचं लॉज

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझं तोंड वाकडं झालं असणार, मला इथे बसून दिसतंय. तरी फाडू नकोस. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा नुसता श्वास ऐकून ठेवून देतेस. मग राहिलं काय, तर पोस्ट. पोस्टमनला तुझ्या रागाची ओळख नाही, तो आणून टाकेल.

आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो आहोत. हा वाळवंटातला रस्ता शेवटी तुझ्याच शहरात उतरतो, त्याला मी काय करू? आठ-दहा दिवसांत पोचू. तुझ्या दारात येणार नाही, घाबरू नकोस. बाहेरच्या बाहेर कुठेतरी उतरू. कळवून ठेवलेलं बरं, म्हणजे बाजारात एकदम समोर आलो तर तुझ्या हातातली पिशवी पडायला नको.

या वयात हे काय खूळ, असं तू म्हणणारच. उस्तादने उन्हाळ्यातच गॅरेज बंद केलं. (सगळा बाजार माझ्या नवऱ्याला उस्ताद म्हणतो. तूच एकटी 'तुझा तो इंजिनवाला' म्हणतेस.) गॅरेज गेल्यावर मी तरी कुणाच्या सीट शिवणार? ते कामही थांबलं. दाभण आणि मेण लावलेला दोरा तेवढा पिशवीत आहे, सवयीने. गाडी विकायच्या आधी एक लांबची फेरी मारावी, असं आमचं ठरलं. इतकंच.

उतरणार कुठे, ते ठरलेलं नाही. तुम्ही लोक महिनाभर आधी खोल्या ठरवता आणि मग तिथला गीझर चालत नाही म्हणून भांडता. आम्ही आयुष्यात कधी आधी कळवून कुठे गेलो नाही. आमची पद्धत तुला ठाऊक नसेल, कारण तू आमच्याबरोबर कधी आलीच नाहीस. लॉज दिसलं की उस्ताद उतरतो आणि म्हणतो, "धर, खोली बघून येतो." मी गाडी धरून उभी राहते. वाळूत स्टँड रुततं आणि सामानासकट गाडी आडवी होते, म्हणून धरावी लागते. शिवाय ही म्हातारी तापलेली असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायला तासभर नखरे करते. म्हणून खोली पक्की होईपर्यंत इंजिन चालूच ठेवायचं. तो आत जाऊन नळ सोडून बघतो, गादीवर बसतो, उशीचा वास घेतो, दाराची कडी आतून लागते का ते बघतो. मग दारात येतो. हेल्मेट हातात असेल तर खोली घेतली. डोक्यावर असेल तर पुढे चला. इतक्या वर्षांत आम्हाला यावर एक शब्द बोलावा लागलेला नाही.

आज हेल्मेट हातात होतं. पत्र्याचं छप्पर, टँकरचं पाणी, चादरी धुतलेल्या. बाहेर एक बाक आहे, त्यावर बसून मी हे लिहितेय. संध्याकाळी उस्तादने मला दोनदा विचारलं, हे गाव कुठलं. वाळवंटात सगळी गावं सारखीच दिसतात, मलाही कळत नाही.

तुझ्या मुलीच्या लग्नात जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. भर पाहुण्यांत त्याने भाऊजींची कॉलर धरली आणि "माझा बारा नंबरचा पाना कुठे लपवलास, चोरा" असं ओरडला. भाऊजींनी जन्मात पाना हातात धरलेला नाही, हे मलाही माहीत आहे. त्यावर तू म्हणालीस, त्याला घेऊन पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. ठेवला नाही. आता हे पत्र तेवढं येतंय, त्याला पाय नसतात.

तुझी धाकटी


६ जानेवारी
दुमजली लॉज, खालची खोली

ताई,

कालचा किस्सा सांगते, तुला हसू येईल.

दुपार कलली होती. रस्त्याकडेला हे लॉज दिसलं. उस्ताद म्हणाला, "धर, खोली बघून येतो." मी गाडी धरून उभी. इंजिन फटफटतंय, वाळू तोंडावर येतेय. एक कुत्रं आलं आणि गाडीच्या सावलीत झोपलं. उस्ताद येईना. म्हटलं, मॅनेजरशी गप्पा छाटत बसला असेल. किंवा कुणाची तरी बिघडलेली गाडी उघडून बसला असेल, पूर्वी असं झालेलं आहे. आत जाऊन बघावं तर गाडी कुणी धरायची? आणि खरं सांगू, आत जायचं हे माझ्या मनातच आलं नाही. खोली तो बघतो, गाडी मी धरते. माझे हात भरून आले, कुत्रं सावली सरकली म्हणून उठून पलीकडे गेलं, तरी मी आपली दाराकडे बघत उभी, हेल्मेट हातात आहे की डोक्यावर.

शेवटी इंजिन आपणहूनच बंद पडलं. मी गाडी कशीबशी भिंतीला टेकवली आणि आत गेले. काउंटरवर स्वेटर घातलेला मॅनेजर. म्हणाला, "खोली नाही बाई. शेवटची आत्ताच एका काकांनी घेतली."

"ते माझे यजमान."

"ते तर म्हणाले, एकटाच आहे."

मी ओळखपत्र दाखवलं. त्याने त्यावरचा फोटो बघितला, मला बघितलं, माझ्या तोंडावरची धूळ बघितली आणि मग मला त्या खोलीपर्यंत घेऊन गेला. दार आतून बंद. खूप ठोकल्यावर उस्तादने उघडलं. बूट घालूनच झोपला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "टॉवेल आणलात का?"

मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मग उस्तादच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि तो म्हणाला, "अगं, तू? गाडी कुठाय?" आणि हसला. मीही हसले. मॅनेजर पण हसला, म्हणाला, काका मोठे गमत्ये आहेत.

हसू आलं ते खरंच आलं. मग राग आला. मग भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दमला होता. दिवसभर ऊन डोक्यावर, रस्ता सरळसोट, डोळे मिटतात माणसाचे. तू लगेच मान हलवू नकोस. तुझी ती मान हलवायची सवय मला इथूनही दिसते.

रात्री मी एक काम केलं. त्याच्या शर्टाच्या आतून, कॉलरखाली, रेक्झिनचा तुकडा शिवला आणि त्यावर त्याचं नाव आणि फोन नंबर टाकला. दुहेरी टाका घातलाय, धुवून निघायचा नाही. नंबर तुझा आहे. माझ्या फोनला इथे रेंज नसते आणि तुझ्याखेरीज दुसरा नंबर मला पाठ नाही. रागावू नकोस. कुणाचा फोन येणार नाही, सहज आपलं.

तुझी धाकटी


८ जानेवारी
ट्रकवाल्यांचं लॉज, गाद्यांची खोली

ताई,

आता खरं लिहिते. सहज नाही आणि फेरी मारायलाही निघालेलो नाही.

उस्तादला विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाले, हे वाढत जाणार. औषधाने जरा रेंगाळेल, थांबणार नाही. तुझ्या मुलीच्या लग्नात झालं ती सुरुवात होती. तेव्हा आम्हालाही कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही केलेला आयुष्यभराचा पाणउतारा याने एका दिवसात वसूल केला. मीसुद्धा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

गॅरेज त्याने बंद केलं नाही, मी कुलूप लावलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा ब्रेक त्याने सोडला आणि न जोडताच गाडी परत दिली. ते गिऱ्हाईक वाचलं, पण मी काय समजायचं ते समजले. रात्री हा दार उघडून चालू लागतो. मी दाराला पाठ टेकून झोपते. माझी झोप म्हणजे आता नुसतं डोळे मिटणं आहे. एकटीने होत नाही, ताई. मी फार प्रयत्न केला आणि होत नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्याच्याकडचं कुणी उरलेलं नाही, आणि मला तुझ्याशिवाय दुसरं माहेर नाही. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुलगी सासरी गेल्यापासून रिकाम्या आहेत. आम्हाला ठेवून घे. त्यासाठी निघालो आहोत. मागायचं ते आता मागून टाकलं.

मोटरसायकल कशाला, तर त्याचं कारण असं की बसमध्ये तो बसत नाही. बसवला होता. पहिल्याच थांब्यावर उतरला आणि घराच्या दिशेने चालायला लागला, कंडक्टर शिव्या देतोय आणि मी पिशव्या घेऊन मागे धावतेय. गाडीवर मात्र शांत असतो. हात शहाणे आहेत अजून. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं बिनचूक. मी मागून खांद्यावर हात ठेवते. उजवा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, दोन्ही दाबले की थांब. माणसाला असं चालवत न्यावं लागेल असं मला कुणी लग्नात सांगितलं असतं तर मी पळून गेले असते. मग परत आले असते, ते सोड.

आणि हो, मी आधी खोल्या ठरवून बघितल्या. फोन करून खरं सांगितलं, यजमान आजारी आहेत, रात्री जरा उठतात. ज्याला सांगितलं त्याचं लॉज तेवढ्यात भरलं. मग मी सांगणं बंद केलं. न कळवता जाऊन उभं राहिलं की निदान तोंडावर नाही म्हणताना माणूस क्षणभर अडखळतो.

आज मात्र कुणी अडखळलं नाही. दुपारी एका बऱ्यापैकी लॉजवर थांबलो. तो खोली बघायला आत गेला आणि एकामागून एक सगळ्याच खोल्या बघायला लागला. एका खोलीत एक बाई लेकराला झोपवत होती. हा आत शिरला, नळ सोडला, गादीवर बसला आणि उशी उचलून वास घेतला. बाई किंचाळली. तिच्या नवऱ्याने याला दोन्ही हातांनी ढकललं. मी पोचले तेव्हा उस्ताद जमिनीवर बसून सगळ्यांना समजावत होता, "बघतोय फक्त. आवडली तर घेऊ." मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मॅनेजरने आमची पिशवी बाहेर टाकली आणि पुढच्या लॉजवाल्यालाही फोन करून ठेवला. तिथला माणूस आम्हाला लांबून बघूनच हात हलवायला लागला.

सूर्य खाली आला होता. रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर उस्ताद जाऊन बसला. म्हणाला, "मी दमलो. तू चालव."

आमच्या गल्लीच्या बाहेर त्याने मला कधी हँडल दिलेलं नाही. दिलं असतं तर मी आनंदाने नाचले असते. आज तो उठून मागे बसला आणि मी हँडल धरलं. सामानासकट ती गाडी माझ्या अंगावर येत होती, वारा बाजूने ढकलत होता. मागून तो विचारत होता, "कुठे चाललोय?" मी ओरडून सांगत होते, "खोली बघायला." थोड्या वेळाने पुन्हा तेच.

दिवे दिसले ते ट्रकवाल्यांच्या लॉजचे. मालकीणबाई चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवतात, आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजेल. म्हणाल्या, "खोली एकही नाही. गाद्यांची खोली आहे, जास्तीच्या गाद्या ठेवतो ती. चालेल का?" मी म्हटलं, चालेल. मग काय झालं कोण जाणे, मी त्यांना उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तुला सांगायला दोन वर्षं लागली ते मी एका परक्या बाईला दारात सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूचं असंच होतं. दाराला घंटा बांधा." आणि एक घंटा आणून दिली.

पहाटे एक ड्रायव्हर तुझ्या शहराकडे निघणार आहे, त्याच्या हातात हे पत्र देते. कागदावर वर लॉजचा फोन छापलेला आहे. ताई, फोन कर.

धाकटी


११ जानेवारी
तेच लॉज

ताई,

तुला कळलं आहेच, तरी माझ्याकडून ऐक.

काल पहाटे मी उठले तेव्हा उस्तादची गादी रिकामी होती. घंटा वाजलीच नाही. त्याने ती सुतळीची गाठ नीट सोडवून, आवाज न करता उतरवून माझ्या उशाशी ठेवली होती. हात शहाणे आहेत म्हणाले ना मी. बूट जागेवर, हेल्मेट गायब.

वाळूत पावलं उमटतात, मागोमाग गेलं की माणूस सापडतो, असं आपल्याला वाटतं. वारा सगळं सपाट करून टाकतो. मी हाका मारत गेले ते काटेरी तारेपर्यंत, आणि तिथे मला कळेना की डावीकडे जायचं की उजवीकडे. इतकी थंडी होती की हाकेबरोबर तोंडातून वाफ येत होती. मालकीणबाईंनी अंगणातल्या सगळ्या ड्रायव्हरांना उठवलं आणि दोन्ही दिशांना पाठवलं. मला सांगितलं, तुम्ही इथेच थांबा, तो परत आला तर कुणीतरी हवं. मी गाडीजवळ उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही.

दुपारी सापडला. रस्त्यापासून आत, कुणीतरी एक लॉज बांधायला घेऊन अर्धवट सोडलंय. भिंती आहेत, छप्पर नाही, दारं नाहीत. तिथे तो या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. जमिनीवर काचा आणि पत्र्याचे तुकडे, आणि हा अनवाणी. एका मिठाच्या ट्रकवाल्याला तो दिसला. ट्रकवाल्याने हाक मारली तर म्हणाला, "नळाला पाणी नाही हो इथे. आमची मंडळी बाहेर उभी आहे उन्हात, लवकर सांगा काय ते."

ताई, मी बाहेर उभी आहे हे त्याला माहीत होतं.

त्या ट्रकवाल्याने त्याला पाणी पाजलं, शर्ट सैल करताना रेक्झिनचा तुकडा बघितला आणि रेंज आली तिथून तुला फोन लावला. तू काय म्हणालीस ते त्याने मला शब्दन्‌शब्द सांगितलं. म्हणाला, "त्या बाई रडायला लागल्या आणि म्हणाल्या, हो, आमचाच माणूस आहे." मी त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. आमचाच म्हणालीस. मला इतकं बळ आलं की काल रात्री मी बसून पोटभर जेवले.

पायांना टाके पडले आहेत. इथला कंपाउंडर रोज येऊन पट्टी बदलणार आहे, म्हणतो, पाय जमिनीला लावायचा नाही. गाडी चालवणं आता त्याच्याने होणार नाही आणि त्याला मागे बसवून एवढा रस्ता माझ्याने होणार नाही. त्या दिवशी चालवली तेव्हापासून माझा हात खांद्यातून वर जात नाही. भाऊजींची मोटार पाठव. ती त्याच्या पायांना चालेल, मागच्या सीटवर आडवा झोपवून आणता येईल. भाऊजी नको म्हणाले तर त्यांना लग्नातलं खरं कारण सांग. ते मनाने वाईट नाहीत, कॉलर तेवढी त्यांच्या मनाला लागली.

मी रोज फोनजवळ बसते.

तुझी धाकटी


१९ जानेवारी
तेच लॉज

ताई,

तुझा फोन आला तेव्हा मी मागे चादरी वाळत घालत होते. मालकीणबाईंनी हाक मारायच्या आत तू म्हणालीस, तिला बोलावू नका, तिचा आवाज ऐकला तर मला सांगता येणार नाही, तुम्हीच निरोप द्या. त्यांनी दिला. असे निरोप द्यायची त्यांना सवय नाही, दोनदा चष्मा पुसला.

निरोप असा, की तू एकटी ये. वरच्या खोल्या तुझ्याच आहेत. त्याच्यासाठी शहराबाहेर एक संस्था बघितली आहे, अशाच लोकांसाठी. चोवीस तास माणसं असतात, फाटकाला कुलूप असतं. बायकोला तिथे राहता येत नाही, रविवारी भेटता येतं. एक खाट राखून ठेवायला सांगितली आहे, महिनाअखेरपर्यंत ठेवतील. मोटार तुम्हा दोघांना आणायला येईल, आधी तिथे थांबेल, मग तुला घेऊन घरी येईल.

पहिल्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले की चादरींचे पिळे भिंतीवर आपटले. आमचाच माणूस म्हणालीस आणि असा आमचा? मग दोन दिवसांनी डोकं थंड झालं. मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीचा आवाज फाटत होता, भाऊजींना एक झटका येऊन गेलाय, मुलीचं तान्हं बाळ बऱ्याचदा तिथेच असतं, उघड्या दारांची तिला धास्ती वाटते. हे तू मला कधी कळवलं नाहीस. कळवणार तरी कशी, मी तुझा नंबर अडवला नव्हता पण तू माझा अडवला होतास, असं लिहिणार होते. राहू दे. तू जे केलंस ते विचार करून केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतोय.

तेव्हा मी विचार केला. खरंच केला. रविवारी भेटायचं. रात्री झोपायचं. रात्रभर झोपायचं, ताई, हे काय असतं ते मी विसरले आहे. तुझ्या निरोपात एक वाक्य होतं, मालकीणबाईंनी ते खाली बघून सांगितलं, की आता कोण कुठे आहे हे त्याला कळत नाही, तर त्याला कुठेही ठेवलं तरी सारखंच. मला ते पटत आलं होतं. मोटार पाठव म्हणून सांगायला मी परवा उठलेसुद्धा होते.

परवा दुपारी काय झालं ते सांगते.

मालकीणबाईंनी आम्हाला गाद्यांच्या खोलीतून काढून रस्त्याकडची एक खोली दिली आहे. बदल्यात मी ट्रकच्या फाटलेल्या सीट शिवते, अंगणात रांग लागते. उस्ताद खोलीच्या दारात खुर्चीवर बसतो, पाय पाटावर, हेल्मेट मांडीवर. मी फोन करायला म्हणून काउंटरकडे निघाले आणि त्याच्या समोरून गेले. माझ्या हातात पिशवी होती, फोन झाला की सामान बांधायला घेणार होते. त्याने मला हाक मारली. "अहो बाई."

मला तो कधी अहो म्हणत नाही.

म्हणाला, "खोली मिळाली नाही का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

"भरलेलं असणार. या रस्त्याला असंच असतं." मग त्याने खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. मी धावले, तर मला हातानेच थांबवलं. "ही घ्या माझी. चांगली आहे, मी नळ बघितलाय. कडी आतून लागते. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला कडी पाहिजे."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"आम्ही दोघं आहोत. आमचं कुठेही भागतं."

"तुमच्या मंडळींना चालेल का, खोली दुसऱ्याला दिलेली?"

तो जरा विचारात पडला. चेहऱ्यावर तो भाव आला, मी खूप महाग रेक्झिन आणलं की यायचा तसा. म्हणाला, "बोलेल थोडी. पण देईल. ती तशी नाही."

मी खोली घेतली. काय करणार, त्याने हेल्मेट डोक्यावर घातलं होतं आणि तो जायला निघाला होता, टाके घातलेल्या पायांनी. मी म्हटलं, घेते, तुम्ही बसा, तुमची मंडळी येईपर्यंत इथेच बसा. आत जाऊन दार लोटलं, कडी लावली नाही, आणि गादीवर तोंड दाबून रडले. तो बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना विचारत होता, आमची मंडळी दिसली का. मग मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि म्हटलं, "आले रे." तो म्हणाला, "किती वेळ." आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला.

तेव्हा मोटार पाठवू नकोस. ती खाट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक, अशी खाट शोधत माझ्यासारखी कुणीतरी वणवण फिरत असेलच. तू म्हणतेस ते अर्धं खरं आहे. कुठे आहे ते त्याला कळत नाही. मी कोण हेही बऱ्याचदा कळत नाही. पण आपण दोघं आहोत एवढं त्याला अजून कळतं. संस्थेत नेऊन ठेवला तर तो रात्रंदिवस त्या कुलूप लावलेल्या फाटकाशी उभा राहील आणि विचारत राहील, आणि तिथे "आले रे" म्हणायला रविवारशिवाय कुणी नसेल.

मी इथे फार सुखात आहे असं समजू नकोस. काल रात्री त्याने माझा हात पिरगळला, कारण एक अनोळखी बाई त्याच्या अंथरुणात होती. मनगट सुजलंय, दाभण धरता येत नाही, अक्षर बघ कसं आलंय. मला कधीकधी वाटतं की सगळं लवकर संपावं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटते. हे तुला नाही तर कुणाला लिहू?

डॉक्टर म्हणाले होते, हेही जाणार. आपण दोघं आहोत हे सुद्धा एक दिवस पुसलं जाणार. तो दिवस मला कळेल, मी रोज बघतेच आहे. त्या दिवशी मी तुला फोन करेन. मालकीणबाईंच्या नंबरावरून येईल, तेवढा उचल. मग मोटार पाठव, त्याला तुझ्या त्या कुलूपवाल्या फाटकाच्या आत नेऊन ठेवेन आणि तू म्हणतेस तशी येईन, एकटी.

धाकटी